आरशातली खोट

गुलमंडीतल्या आरशांच्या दुकानात मी नव्या घरासाठी मापं लिहून घेऊन गेले होते. काम चटकन उरकणार होतं. तेवढ्यात पाचोडकडचे एक वयस्कर गृहस्थ आले. फडक्यात गुंडाळलेला आरसा त्यांनी निजलेलं लेकरू ठेवावं तसा अलगद काउंटरवर ठेवला.

"हा बदलून द्या. ह्यात माणूस लई काळं दिसतं."

"चाचा, आईना बदलूं या चेहरा?" दुकानदार हसला.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना. "काका, आरसा कुणाला काळं करत नाही. काचेमागं धातूचा पातळ थर असतो. उजेड पडला की त्याच्या अणूंमधले सुटे इलेक्ट्रॉन थरथरतात आणि तसाच उजेड परत पाठवतात. समोर जो रंग, तोच दिसतो."

ते उपरण्याच्या टोकानं काच पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "ठाऊक हाय, बाई. पाव्हणे रंगावरून नाय म्हणून गेले. आरशातच खोट हाय, असं पोरीला सांगितलंय मी. जरा हळू बोला, ती दारात उभी हाय."

दाराकडे बघायचं धाडस होईना, म्हणून मी भिंतीकडे वळले. तिथं आरसेच होते आणि प्रत्येक आरशात ती खाली मान घालून उभी होती. माझं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, तरी नजर कुठं ठेवावी ते कळेना.

"अण्णा, चला," ती म्हणाली. "चांगलाय आपला आरसा."

काकांना काही केल्या फडक्याची गाठ मारता येईना.