‘घरीच केलं का?’

आमच्या शेडमध्ये दर रविवारी लाकूड कमी होतं आणि किस्से वाढतात. वस्तूंची संख्या मात्र फारशी हलत नाही.

साखरखेर्ड्यात रफीकभाईंच्या कापडदुकानामागे एक पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही तिघं जमतो. रफीकभाई स्वतः, एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला प्रभाकर आणि हायस्कुलात गणित शिकवणारा मी. तिघांनाही सुतारकामाचा नाद. तिघांत सुतार एकही नाही!

आमचं दुःख एकच. पाहुणा आमची वस्तू पाहतो आणि हळूच विचारतो, "घरीच केलं का?" आवाज प्रेमळ असतो, म्हणून जास्त लागतं. प्रभाकरची तर आयुष्यात एकच इच्छा उरलेली. कोणीतरी, कधीतरी, त्याच्या वस्तूकडे पाहून विचारावं, "कुठून घेतलं?" बस्स!

माझ्या घरी पूर्वी हा प्रश्न यायचाच नाही. पाहुणा चपला काढेपर्यंत बायको सांगून टाकायची, "ते शेल्फ यांनी केलंय, त्याला टेकू नका!" ती गेली. आता पाहुण्यांना स्वतः विचारावं लागतं. टेकतातही.

*

पहिल्यांदा आरा मशीनवर गेलो तेव्हाची गोष्ट. मालकाने विचारलं, "काय देऊ सर?"

"सागवान."

"कशाले पाह्यजे?"

मी खरं ते सांगितलं. "शिकायचं आहे आम्हाला."

त्याने आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग डायरेक्ट जळतनच न्या नं. मधातली मेहनत तरी वाचते!"

*

रफीकभाईंनी कपाट केलं. फळ्या त्यांनीच मोजल्या, त्यांनीच कापल्या. जोडायला घेतलं तर एकही फळी बसेना. प्रत्येक फळी दोन बोटं जास्त! दारं तर एकमेकांवर चढलेली.

प्रभाकरने पुन्हा मोजून पाहिलं. "रफीकभाई, माप घेतलं होतं ना तुमी?"

"बराबर घेतलं होतं! पन तीस बरस कपडा फाडला मी. कापतानी हात आपोआप पुढं सरकते. मीटरमागं दोन बोटं जादा दिलं की गिऱ्हाईक खूश राह्यते."

"अन् हे कपाट काय गिऱ्हाईक हाये तुमचं?"

कपाट अजून त्यांच्या दुकानात आहे. दारं मिटत नाहीत, म्हणून त्याला सगळे शोकेस म्हणतात.

*

कडुनिंबाचा किस्सा रफीकभाईंना आवडत नाही, पण सांगतोच. ताजं लाकूड मिळालं म्हणून त्यांनी मोठा डाव कोरला. सुंदर झाला होता, हे मान्य. घरी दावत होती. भाभींनी नवऱ्याच्या कौतुकापोटी त्याच डावाने रश्श्याची डेगची ढवळली आणि डाव आतच ठेवून झाकण लावलं.

पहिला घास घेऊन पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. भाभींनी चव घेतली आणि पडद्याआडून आवाज दिला, "शुगरवालों को पहले परोसो!"

*

माझंही सांगायला हवं. मी खुर्ची केली. आधी आठ दिवस तिचं चित्र काढत होतो. कोन मोजून, रेषा आखून. खुर्ची तयार झाली आणि रफीकभाई तिच्यावर बसताच डावीकडे कलली.

मी चित्र दाखवलं. "कागदावर तर बरोबर आहे."

रफीकभाई जमिनीवरून उठत म्हणाले, "मग सर, तुम्ही कागदावरच बसत जा!"

*

प्रभाकरचा बाक तिघांसाठी होता. मी, रफीकभाई आणि त्यांच्या दुकानातला पोरगा, तिघं बसलो. पक्का! प्रभाकर पुढे उभा, चेहऱ्यावर समाधान. तेवढ्यात शेजारचे काका डोकावले. प्रभाकरमधला कंडक्टर जागा झाला.

"या, या काका! थोडं सरका हो तुमी. एक सीट आरामात होते!"

काका बसले. प्रभाकरने बाकावर दोनदा टकटक केलं. आणि गाडी निघाली. सरळ खाली!

*

म्हणून पल्लवीच्या लग्नात आमची नजर जेवणावर नव्हती, रुखवतावर होती. पल्लवी प्रभाकरची एकुलती एक. तिच्या रुखवतासाठी त्याने सागवानी चौरंग करायला घेतला. मला चित्र काढू दिलं नाही, रफीकभाईंना करवत धरू दिली नाही.

प्रभाकरची बायको, सुमनवहिनी, हात जोडायच्या. "अहो, पोरीच्या सासरचे हसतीन. स्टीलची भांडी मांडू, लाडू मांडू. हे नोका ठेवू."

पल्लवी म्हणाली, "चौरंग नसला तं रुखवतच नको मले."

प्रश्न मिटला. बीबी गावच्या मंगल कार्यालयात चौरंग मांडला, वर बुंदीच्या लाडवांचं ताट. प्रभाकर त्याच्याजवळून हलेना. लोक यायचे, लाडू पाहायचे, भरतकाम पाहायचे, पुढे जायचे.

मग नवरदेवाचे मोठे काका आले. भरदार गृहस्थ. फोटोंसाठी उभं राहून थकलेले, आसपास खुर्ची नाही. त्यांनी लाडवांचं ताट उचललं, बाजूला ठेवलं आणि चौरंगावर बसले!

वहिनींनी डोळे मिटले. रफीकभाई काहीतरी पुटपुटू लागले. मी प्रभाकरचा दंड धरला.

काही झालं नाही. करकरलासुद्धा नाही.

काकांनी एकदा अंग हलवून पाहिलं. मग चौरंगाच्या कडेवरून हात फिरवला, पायाकडे वाकून पाहिलं आणि मान वर करून व्याह्यांकडे, प्रभाकरकडे पाहिलं.

"इवाई, चीज मजबूत हाये! कुठून घेतला हो?"

प्रभाकरचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. वहिनींनी डोळे उघडले. लाडवाकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला.

"जालन्यावरून आनला," प्रभाकर म्हणाला.

"वाटलंच मले! घरच्या मालात हा दम नसते." काका आणखी ऐसपैस बसले आणि त्यांनी तिथेच जिलेबी मागवली.

आम्ही प्रभाकरला ओढत स्वयंपाकाच्या मांडवामागे नेलं. रफीकभाई तर रडायच्या बेतात. "काऊन बे? इतकी वर्षं ज्याची वाट पाह्यली ते समोर आलं, अन् तू जालना सांगतं?"

प्रभाकरने कनात बाजूला करून पाहिलं. काका चौरंगावर मांडी घालून दुसरी प्लेट खात होते.

"घरी केला सांगतलं असतं," तो म्हणाला, "तं उठले नसते काय ते!"