दसऱ्याचे पाय आणि गोळीचे पाय

"बाई, तुमचं कोलेस्टेरॉल फार वाढलंय," असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले आणि मला हसूच आलं. माझं वजन तेव्हा जेमतेम बेचाळीस किलो. सौंसरच्या बाजारात भाजीवाल्या मला 'खात जा वं बाई काही' म्हणून वर दोन वांगी जास्तीची टाकायच्या. माझ्या अंगात कसली आली चरबी?

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातली चरबी. ती अंगावर दिसलीच पाहिजे असं नाही. ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला साचत जाते, आणि ज्याला मधुमेह आहे त्याच्यात तिला आणखी फावतं. मला मधुमेह होऊन सहा-सात वर्षं झाली होती. रोज साखरेची गोळी घ्यायची, चहा फिका प्यायचा, एवढं केलं की आपलं काम संपलं असं मी धरून चालले होते.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी सौंसरहून जाऊन-येऊन लोधीखेड्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमच्याकडे मध्य प्रदेशात मराठी शाळेतली पोरंसुद्धा बाईंना बहनजी म्हणतात, तशी मी बहनजी. आमचे हे बिजली विभागात लाइनमन. आणि मी हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले ती ताईमुळे.

माझी मोठी बहीण पांढुर्ण्याला दिली होती. तिलाही मधुमेह. त्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी तिला घाम सुटला, पोटात गोळा आल्यासारखं झालं. गॅस असेल म्हणून तिनं ओवा चावला, वर पाणी प्यायली आणि आडवी झाली, ती उठली नाही. छातीत दुखलं असतं तर कोणी तिला दवाखान्यात नेलं असतं. पण मधुमेहात पुष्कळदा छाती दुखतच नाही, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी साखरेचा पेशंट असेल तर एवढं तरी ध्यानात ठेवा. ताई गेली तेव्हा तिला अठ्ठेचाळिसावं चालू होतं. मला सत्तेचाळिसावं.

तेव्हापासून मला झोप नव्हती. फळ्यावर लिहितानाही डावा हात आपोआप छातीकडे जायचा. शेवटी यांनीच वैतागून नागपूरला नेलं.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो ठीक होता. आधी पथ्य करा म्हणाले. तेल कमी, खोबरं बंद, अंड्यातलं पिवळं बंद. मी इतकं कडक पथ्य केलं की घरातली भाजी पाहून आमच्या यांचा चेहरा उतरायचा. अडीच महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नव्हतं.

मग डॉक्टरांनी एका नव्या गोळीचं नाव घेतलं. लोव्हास्टॅटिन. आपल्या लिव्हरमध्ये ही चरबी तयार होते, ते काम ही गोळी मंदावते. इथल्या दुकानांत ती मिळत नव्हती. डॉक्टरांचे भाऊ अमेरिकेत होते, त्यांच्याकडून ते काही पेशंटांसाठी मागवत.

"फायदा काय आणि त्रास काय, दोन्ही सांगतो," डॉक्टर म्हणाले. "कोलेस्टेरॉल उतरेल. त्यानं तुमचा झटका टळेल असं मला वाटतं, पण औषध नवं आहे, खात्री कोणीच देणार नाही. त्रास म्हणाल तर लिव्हरला सूज येऊ शकते, म्हणून रक्त तपासत राहावं लागेल. डोळेही तपासून घेऊ. आणि कधीकधी स्नायू दुखतात. विनाकारण अंग दुखलं किंवा लघवी गडद झाली तर गोळी बंद करायची आणि सरळ इथे यायचं."

परतीच्या बसमध्ये सावनेर मागे पडलं. मग आमचे हे सुरू झाले.

"खात्री नाही म्हनते, अन् लिव्हर बिघडन म्हनते. मंग घ्याची कायले? एक गोळी हाये ना तुले शुगरची?"

"ताईले बी एकच गोळी होती," मी म्हणाले.

मी गोळी सुरू केली. रोज रात्रीच्या जेवणाबरोबर एक. पहिल्या महिन्याचं रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल चांगलं उतरलेलं, आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, तीही ठीक. मी शाळेत पेढे वाटायला निघाले होते, मग पेढे मलाच चालत नाहीत हे आठवून चणे-फुटाणे वाटले.

आणि दसरा आला.

आम्ही बौद्ध. दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं, आणि नागपूरच्या स्टेशनापासून चालतच जायचं, ही आमच्या घरची रीत. ताई पांढुर्ण्याहून गाडीनं यायची, मी सौंसरहून. स्टेशनाबाहेर भेटायचो आणि हात धरून चालायला लागायचो. त्या वर्षीही मी उगाच थोडा वेळ तिथे थांबले. मग एकटीच चालू लागले. हे मागून पिशवी घेऊन येत होते.

इतक्या गर्दीत चालून, रांगेत उभं राहून घरी आलं की सगळ्यांचेच पाय दुखतात. आमच्या मोहल्ल्यात त्याला दसऱ्याचे पाय म्हणतात. ज्याचे जास्त दुखतात तो जास्त मिरवतो. तेल गरम करून एकमेकांच्या पिंढऱ्या चोळायच्या आणि कोण किती चालला याच्या बाता मारायच्या. माझे पाय दुखले तेव्हा मला तर बरंच वाटलं. ताईच्या वाटचंही मीच चालून आले, असं मनात आलं.

पाच दिवसांनी पौर्णिमेला विहारात वंदना होती. वंदना संपली, सगळे उठले, आणि मला उठता येईना. मांड्यांत जीवच नव्हता. शेजारच्या वच्छलाबाईंनी काखेत हात घालून मला उभं केलं.

"दसऱ्याचे पाय हायेत वं बहनजी, अजून उतरले नाही," त्या हसत म्हणाल्या.

मी पण हसले. कोणालाही शंका आली नाही, कारण आमच्याकडे त्या आठवड्यात लंगडणं म्हणजे अभिमानाची गोष्ट. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या महिन्यात अशी अडले असते तर त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. पण घरी आल्यावर केस विंचरायला हात वर केला आणि खांदाही तसाच दुखला. खांद्यानं मी दीक्षाभूमीपर्यंत चालले नव्हते.

तेव्हा डॉक्टरांनी स्नायूंबद्दल सांगितलेलं आठवलं.

यांना सांगितलं तर ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. तेच म्हणाले. "फेक थे गोळी." पण माझा हात बाटलीवरून निघेना. पाय दुखत होते ते दिसत होतं. रक्तवाहिनीत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि ताईला तेच न दिसणारं घेऊन गेलं होतं. मी त्या रात्री गोळी घेतली नाही, पण मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नागपूर. डॉक्टरांनी सीपीके नावाची तपासणी सांगितली. स्नायूंना इजा झाली की हा घटक रक्तात वाढतो. रिपोर्ट दुपारनंतर मिळणार होता. त्या बाकावर मला बसवेना आणि उभंही राहवेना. समोरच्या भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र होतं, निळ्या-लाल नळ्यांचं. मी पाठ फिरवून बसले. पुन्हा वळले. हे दोनदा चहा पिऊन आले, तिसऱ्यांदा माझ्यासाठी फिका घेऊन आले तेव्हा अर्धा बशीत सांडला होता.

"काऊन इतकी वळवळ करून राहिली? थे काय पळून जाते का रिपोर्ट?"

मी तो अर्धा चहा पिऊन टाकला.

सीपीके वाढलेलं होतं. धोक्याच्या पातळीला नव्हतं. स्नायूंची इजा वाढली की मूत्रपिंड बिघडू शकतं, पण तेही ठीक होतं. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "गोळी बंद ठेवा. दुखणं थांबू द्या. मग विचार करू. बंदच ठेवायची असेल तर पथ्य आणि साखर यांच्यावर भर देऊ. घ्यायची असेल तर अर्ध्या मात्रेनं पुन्हा करून पाहू. मी जबरदस्ती करणार नाही."

तो महिना मला आयुष्यात पुन्हा नको. गोळी होती तेव्हा पायांची धास्ती, गोळी नव्हती तेव्हा छातीची. ढेकर आला तरी मी घाबरायची. मुलांवर खेकसायची. एका मुलीनं पाढा चुकला तर मी रडायलाच लागले, आणि तीही बिचारी माझ्याबरोबर रडली. पाय मात्र हळूहळू मोकळे झाले.

एक दिवस हे कामावरून आले, पायऱ्यांवर बसून बूट काढता काढता म्हणाले, "घे थे अर्धी."

मी हातातलं भांडं ठेवून बाहेर आले.

"तू बिनगोळीची जास्त मरून राहिली. पन एक सांगतो. दुखलं तं त्याच दिवशी मले सांगशीन. मिरवशीन नाही."

मी कबूल झाले. अर्ध्या गोळीनं कोलेस्टेरॉल पहिल्याइतकं उतरलं नाही, पण उतरलं. सीपीके वाढलं नाही. साखर मधे जराशी चढली, ती गोळीनं की लग्नसराईतल्या जेवणांनी, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. माझ्यासारखी वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना मी घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. फक्त दुखणं लपवू नका, आणि त्याला घरचं ओळखीचं नाव देऊन गप्प बसू नका.

पुढच्या दसऱ्याला हे नको म्हणत होते. मी गेले. स्टेशनापासून चालले. या वेळी ते मागून नाही, बरोबरीनं चालत होते. परत आल्यावर पाय ठणकू लागले. मोहल्ल्यात तेल गरम झालं, बाता सुरू झाल्या, आणि मी एका कोपऱ्यात कान टवकारून माझ्याच मांड्यांकडे लक्ष देऊन बसले.

रोज सकाळी हे विचारायचे, "कोनते पाय हायेत? दसऱ्याचे का गोळीचे?"

"मालूम नाही," मी म्हणायची. आणि दिवसभर आमचं दोघांचंही कशात लक्ष नसायचं.

पौर्णिमेला विहारात गेलो. वंदना संपली. हे पुरुषांच्या बाजूनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहत होते. वच्छलाबाईंनी हात पुढे केला. मी तो धरला नाही. जमिनीला हात न टेकता उठले.

दसऱ्याचेच पाय होते.

घरी येताना वाटेत मला एकदम आठवलं की श्रावणात मला एकोणपन्नासावं लागलं. ताई ज्या वयात गेली, त्यापेक्षा आता मी मोठी होते. यांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग मी रडले, चालता चालता रडले, आणि पाय अजिबात दुखत नव्हते.