घोरणारी तुळसा

तुळसाला कोणी काळी, भांडखोर काहीही म्हटलं असतं तरी तिने ते हसण्यावारी नेलं असतं. पण ती कामावर झोपते, असं गणू मुकादम ठाण्याच्या मिठागरभर सांगत सुटला, तेव्हा मात्र तिचं पित्त खवळलं.

खाडीचं पाणी आत घेणारा फळ्यांचा दरवाजा, म्हणजे उघाडी, तिच्या ताब्यात होती. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला आतलं तळं भरलं की फळ्या टाकायच्या. उशीर झाला तर बांध फुटून पिकलेलं मीठ पाण्यात जायचं. नवरा राघो पटकीने गेल्यावर ही जागा तिने हट्टाने मिळवली होती. गणूला ती आपल्या मेहुण्यासाठी हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

राघो गेला तशी तिची झोप उडाली. डोकं भणभणायचं, उचललेली फळी हातातून निसटायची. सासू रंगूबाईने कधीकाळी कोपिनेश्वराच्या देवळात उतरलेल्या एका गोसाव्याला जेवू घालून एक विद्या शिकून घेतली होती, ती तिने सुनेला दिली. बांधावर उताणं पडायचं आणि म्हातारी नाव घेईल तो अवयव ढिला सोडायचा. अंगठा, तळवा, गुडघा, असं करत करत कपाळापर्यंत. अंग गाढ झोपायचं, कान तेवढा जागा राहायचा. फळ्यांखाली पाण्याचा आवाज बदलला की ती उठून बसायची.

गोम एकच होती. ती घोरायची. आणि घोरणारं माणूस जागं असतं, हे कोणाला पटायचं?

मिठागराची रीत अशी की, निजलेल्या राखणदाराच्या तोंडात मूठभर मीठ कोंबायचं आणि त्याला घरी धाडायचं. गणूची तक्रार कल्याणला मालकाकडे पोचली. पुनवेच्या दिवशी मालकाचे कारभारी अण्णा आगगाडीने आले. आजचा दिवस पडू नकोस, म्हणून रंगूबाईने सुनेला हात जोडले. तुळसा म्हणाली, चोरी केली असती तर लपले असते. सगळ्यांदेखत ती बांधावर आडवी झाली. म्हातारी एकेक अवयव सांगू लागली. कपाळ आलं आणि तुळसा अशी घोरू लागली की माणसं पोट धरधरून हसली.

अण्णा गणूच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. गणू मीठ घेऊन वाकला.

"मूठ मागं घे, गणू," डोळे न उघडता ती म्हणाली. "आनि अण्णा, बाईला काढायचंच व्हतं, बरं निमित्त गावलं, असं तुमी आत्ता याला बोललाव. ते जरा मोठ्यानं सांगा. समद्यांना आयकू दे."

हसणं जागच्या जागी थांबलं. अण्णा लाल झाले आणि मालकाच्या नियमांविषयी काहीबाही बोलू लागले. तुळसाने ते पुरतं ऐकलंच नाही. ती ताडकन उठली, उघाडीकडे धावली आणि तिने एकामागून एक फळ्या टाकल्या. शेवटची फळी बसली तेव्हा पाणी बांधाच्या कडेला आलं होतं. इतकी जागी माणसं उभी होती, पण पाण्याकडे एकाचंही ध्यान नव्हतं.

जागा तिचीच राहील, एवढं बोलून अण्णा स्टेशनाच्या वाटेला लागले.

गणू अजून मूठ आवळून उभा होता. तुळसाने त्याची बोटं उलगडली आणि मीठ पदरात घेतलं.

"कालवनाला व्हईल," ती म्हणाली. "उद्या पन मी हितंच पडनार हाय. आनि घोरनार पन."