हलका धक्का

एकोणीसशे पस्तीसच्या उन्हाळ्यात आमची कंपनी क्वेट्ट्याला होती. मी एदलाबादकडचा, केळीच्या मुलखातला. माझा जोडीदार शिपाई सुकदेव पारोळ्याचा. परेड, गार्ड ड्यूटी, रायफलची सफाई, यात दिवस जात. एकमेकांच्या बोलीची टिंगल हीच आमची करमणूक.

पहाटेच्या मोठ्या भूकंपात आमची बराक तगली. शहर राहिले नाही. ऑर्डर एकच होती : आवाज येईल तिथे खणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पडक्या घरातून बाईचा आवाज आला. हवालदार बाकी सेक्शन घेऊन पुढच्या गल्लीत होते. इथे आम्ही दोघेच. दाराची तुळई तिरपी होऊन लोंबत होती. ती मी खांद्यावर पेलली. सुकदेव खालून आत सरपटला.

“तुना खांदा शे का केळीनं खोड?” तो आतून म्हणाला. “धरी ठेवजो, भो.”

“तू बाईला काढ. गप्पा नंतर.”

“हात धरी लिधा तिना!”

तेवढ्यात जमिनीने बारीक हिसका दिला. क्षणभर काही नाही. मग ती आडवी हलू लागली. मी भानावर आलो तेव्हा रस्त्याच्या मधोमध उभा होतो. तुळई खाली आली होती.

हवालदारांना मी सांगितले, तुळई निसटली. दुपारी दोघांना बाहेर काढले. दोघेही गेलेले होते.

काही दिवसांनी भूगर्भ खात्याचे एक साहेब आले. झाडाखाली खुर्ची टाकून ते गल्लीगल्लीतल्या प्रत्येक धक्क्याची विचारपूस करू लागले. टांगलेला कंदील हलला का? भांडी पडली का? माणसे पळाली का?

“सर, याला मशीन नाही?” हवालदारांनी विचारले.

साहेबांनी समजावून सांगितले. मशीन आहे, पण दूर. त्यात जड वजन टांगलेले असते. जमीन हलते, वजन जागीच राहू पाहते, आणि सुई कागदावर रेघ ओढते. आधी जलद लाट पोचते, मागून संथ पण जोरदार. दोघींमध्ये किती वेळ गेला त्यावरून भूकंप किती लांब झाला ते कळते. जमिनीखालचा खडक वर्षानुवर्षे ताण सोसतो आणि एक दिवस तुटतो. तुटलेले नीट बसेपर्यंत मागचे धक्के येत राहतात.

“पण या गल्लीत जमीन किती हलली, ते मशीन सांगत नाही,” साहेब म्हणाले. “ते तुम्ही सांगायचे. नुसता कंदील हलला तर खालची पायरी. माणसे घाबरून पळाली तर वरची.”

माझी पाळी आली. हवालदार शेजारीच उभे होते.

“दुसऱ्या दिवशीच्या धक्क्यात तुमच्या गल्लीत कोणी पळाले?”

“नाही, सर.”

“तू?”

“उभा होतो, सर.”

“म्हणजे धक्का हलका.”

“हलकाच, सर.”

त्याच वर्षी रजेत पारोळ्याला गेलो. सुकदेवच्या वडिलांना, आबांना, मी तेच सांगितले. हलका धक्का, तुळई निसटली. आबांनी मला जेवू घातले.

तीन वर्षांनी एका सकाळी खानदेशातही जमीन हलली. मी घरी आलेलो होतो. आबांची खबर घ्यायला गेलो. ते ओट्यावर बसले होते.

“हंडा वाजना, भो,” ते म्हणाले. “वरतून धाबानी माती पडनी, बस. मी बठेल व्हतू तठेच बठी ऱ्हायनू. हाऊ हलका ना?”

“हलकाच, आबा.”

“तू सांगेल व्हतं, तठला बी हलकाच व्हता.”

“हो.”

“मंग मना सुकदेव कसा मरना?”

मी तांब्या उचलून पाणी प्यालो. आबांनी पुन्हा विचारले नाही. आता ते नाहीत.

साहेब मला मोजत नव्हते, जमीन मोजत होते. हे मला तेव्हाही समजले होते. तरी मी खोटे बोललो, आणि सुकदेवचे मरण हलके केले.

त्या गल्लीत दोन शिपाई होते. एक पळाला. दुसरा, सुकदेव, राहणार पारोळा, बाईचा हात धरून जागेवर राहिला.