गवताचा भांग

फोकसकाकांच्या स्टुडिओत एकेकाळी नाटकवाले रांगेनं फोटो काढून घेत. मागे तळ्याचा रंगवलेला पडदा, बाजूला लाकडी खांब, आणि काकांची बोटं सतत कुणाच्या तरी मिशीवर, पदरावर, कॉलरवर. "माणूस देवानं केला, पण फोटोसाठी मलाच नीट करावा लागतो," असं ते म्हणत. मग घरोघरी फोन आले, प्रत्येकजण स्वतःचा फोटो स्वतःच काढू लागला आणि तळ्याच्या पडद्याची गुंडाळी झाली.

पंचावन्नाव्या वर्षी वनखात्याच्या कार्यालयानं त्यांना कामावर घेतलं. काम ऐकून काकूंना हसू आवरेना.

"गवताचे फोटो? ते काय लग्नाला उभं राहिलंय?"

पण काम गमतीचं नव्हतं. गावाबाहेर मैलोगणती गवताळ माळ, मधूनच एखादं खुरटं झाड. उन्हाळ्यात ठिणगी पडली की सगळा माळ पेटायचा. म्हणून माळावर चाळीस लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. दर वर्षी खुंटीपाशी उभं राहायचं, दहा पावलांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी रोवायची आणि फोटो घ्यायचा. गवतात किती पट्ट्या बुडाल्या ते त्यात दिसे. कार्यालयात जुने नमुना-फोटो होते. त्या प्रत्येक जागचं गवत कापून, वाळवून, तोलून वजन खाली लिहिलेलं. नवा फोटो ज्या नमुन्याशी जुळेल, तेवढं जळण त्या जागी आहे असं धरायचं. जिथं जळण जास्त, तिथं गवत कापून मोकळा पट्टा ठेवायचा. त्याला म्हणायचं जाळरेषा.

कापणाऱ्यांची टोळी एकच. ती कुठं पाठवायची हे कार्यालयाच्या प्रमुख मॅडम फोटो बघून ठरवत. आपल्या फोटोवर कुणीतरी पुन्हा विसंबतंय, या एका गोष्टीनं काकांची कंबर ताठ झाली होती. रोज सकाळी ते कॅमेरा पुसत तेव्हा पूजेला बसल्यासारखे दिसत.

चौथ्या वर्षी चाळिसाव्या खुंटीच्या चढावर काकांचा पाय घसरला आणि गुडघा टरारून सुजला. सोबतचा वनरक्षक उंच म्हणून त्याला सगळे लांबोजी म्हणत. तो म्हणाला, "काका, तुम्ही बसल्या जागी चाप दाबा. काठी मी धरतो."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो फोटो टेबलावर ठेवला. काठीच्या पाच पट्ट्या गवतात गडप. मागच्या वर्षी दोनच होत्या.

"चाळिसाव्यावर गवत एवढं माजलंय? पाऊस तर तेवढाच होता." त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "टोळी तिकडे पाठवू. सातवी खुंटी यंदा राहू दे, तिथं दोनच पट्ट्या आहेत."

"म्हणजे आमच्या घरामागं यंदा काही नाही," लांबोजी म्हणाला. सातव्या खुंटीला लागूनच वनरक्षकांच्या घरांची ओळ होती. तिथं तो आई आणि बायकोसह राहत असे.

काकांनी तो फोटो पुन्हा जवळ ओढला. चाळिसाव्याला ते काठीपर्यंत चालत गेले नव्हते. बाकी एकोणचाळीस ठिकाणी गेले होते. आणि तिथं जाऊन काय केलं होतं, ते आत्ता त्यांना लख्ख दिसलं.

बोलावं तर नोकरी जाणार. या वयात दुसरी कोण देणार? काकांनी लांबोजीकडे पाहिलं. तो नकाशाची घडी घालत होता.

"मॅडम, चाळिसावा फोटो खरा आहे. बाकीचे मी विंचरलेत."

"म्हणजे?"

"काठी नीट दिसेना, म्हणून पुढचं गवत पायानं दाबायचो. आडव्या काड्या उचलून टाकायचो. हाताला सवय हो. समोर काही विस्कटलेलं दिसलं की राहवत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी बघायचो की," लांबोजी म्हणाला. "मला वाटलं, पद्धतच आहे तशी."

मॅडमनी लांबोजीच्या हातातून नकाशा परत घेतला. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी सातव्या खुंटीवर या. पायानं या, पण पायानं काही करू नका."

पाच दिवसांत एकोणचाळीस फोटो पुन्हा निघाले. काका लंगडत खुंटीपाशी उभे राहत, काठी लांबोजी रोवे. सातव्या खुंटीवर सहा पट्ट्या बुडाल्या. खात्री म्हणून मॅडमनी तिथलं थोडं गवत कापून, वाळवून तोललं, तर सगळ्यांत जड नमुन्याला ते जुळलं. टोळी आधी घरांमागं गेली.

"मला काढणार नाही ना?" काकांनी शेवटी विचारलंच.

"माझ्या आधीच्या साहेबांनी खुंट्या कुठं ठोकल्या ते कुठंच लिहून ठेवलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "गुडघाभर गवतातून त्या चाळीसच्या चाळीस कुणी हुडकल्या? बसा, चहा घ्या."

काकांनी चहा घेतला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी टेकडीपलीकडून धूर आला. वारा घरांच्या दिशेनं वाहत होता. माणसं हातात हिरव्या फांद्या घेऊन जाळरेषेवर उभी राहिली. आग पुरुषभर उंचीनं धावत आली, मोकळ्या जमिनीच्या कडेला थबकली, डावीउजवीकडे चाचपत राहिली आणि खायला काही मिळेना तेव्हा बसली. उडालेल्या ठिणग्या माणसांनी झोडपून विझवल्या. घरं शाबूत राहिली.

संध्याकाळी काका काळ्या पडलेल्या सातव्या खुंटीचा फोटो घेऊन परतत होते. लांबोजीची आई दारात बसली होती, पळायच्या तयारीनं बांधलेलं गाठोडं अजून शेजारीच.

"फोटोवाला तूच ना? तुझ्यामुळं घर राहिलं म्हणतो माझा मुलगा."

"मावशी, खरं सांगू? माझ्यामुळंच जाणार होतं."

म्हातारीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "बरं," ती म्हणाली, "मग हे गाठोडं आत ने. मला उचलवत नाही."

काकांनी कॅमेरा खांद्यावर टाकला आणि गाठोडं उचललं. ते चांगलंच जड होतं. भांडी, पांघरुणं, सगळा संसार होता त्यात. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडून आत नेऊन ठेवलं.