दसऱ्याची प्रत

"प्रत पुसली नाही, नवी केली," शेखर तिसऱ्यांदा म्हणाला.

"तेच ते, पप्पा! आधीची पुसल्याशिवाय नवी कशी होईल?" रोशनीचा आवाज चढला. "आजीचं गाणं हळदीला लावायचं, एवढं एकच मागितलं होतं मी."

"अगं, हळू. शेजारी ऐकतायत," तिची आई तेजस्विनी आतून म्हणाली. परवा रोशनीची हळद होती आणि तेजस्विनी परातीत सुपाऱ्या निवडत बसली होती. "आणि तुम्ही. माणसं देवाला फुलं वाहतात, तुम्ही त्या डबड्याला हार घालून काय मिळवलंत?"

 अंबडच्या कारखान्यात शेखरची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली होती. जुना माल बाहेर, नवा आत. खोक्यावरचं नाव आणि वजन जुळलं की सही. घरातही तोच खाक्या. सटाण्याहून आलेली त्याची आई, लंकाबाई, हळदीची अहिराणी गाणी म्हणायची. ती थकली तेव्हा त्याने शेजारी बसून ती तिच्याच आवाजात कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. ती गेल्यावर दर दसऱ्याला तो कॉम्प्युटरची पूजा करायचा, झेंडू वाहायचा, गाण्यांची ताजी प्रत काढायचा आणि आधीच्या वर्षीची पुसून टाकायचा. शिळं कशाला ठेवायचं? नाव जुळायचं, आकार जुळायचा. ऐकलं मात्र कधीच नाही. आईचा आवाज ऐकण्याचं धाडस त्याला झालं नाही.

सकाळी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा राकेश येऊन गेला. "काका, डिस्क आतल्या आत बिघडत जाते आणि सांगत नाही. फाईलचा आकार तोच, आतलं खराब. तुम्ही दरवर्षी खराबाचीच प्रत काढलीत, चांगली होती ती पुसलीत. आणि दोन्ही एकाच डिस्कवर. वेगळ्या डिस्कवर जुनी राहू दिली असती, अधूनमधून ताडून पाहिलं असतं, तर पहिल्याच वर्षी कळलं असतं."

"आता काही?"

राकेशने नुसती पिशवी उचलली.

"भागीआत्या म्हणेल ना गाणं?" नणंदेचं नाव काढत तेजस्विनीने आता जरा मऊपणाने विचारलं.

"तिला शब्द आठवत नाहीत. मी फोन केला होता," रोशनी म्हणाली. आणि मग रडायलाच लागली. "निदान ऐकून तरी बघायचं होतंत, पप्पा. एकदा."

ती आत निघून गेली. शेखर कॉम्प्युटरसमोर बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने ती फाईल स्वतः लावली.

"चालू शे का रे, शेखर?" आईने विचारलं. अगदी शेजारी बसल्यासारखं. मग खाकरून हळदीचं गाणं सुरू केलं. "हयद लागनी मन्ही..." आणि पुढे खरखर. पत्र्यावर वाळू ओतावी तशी, शेवटपर्यंत. मध्ये एकदा बांगड्या वाजल्यासारखं झालं, तेही तुटलं.

त्याने पुन्हा लावली. पुन्हा तेच. चालू शे का रे, शेखर?

तेजस्विनी परात घेऊन दारात उभी होती. रोशनीही डोळे पुसत तिच्यामागे आली होती. "तेवढं पहिलं वाक्य तरी लावू या, पप्पा," ती म्हणाली.

शेखरने कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा नीट पसरला.

"ती फाईल कुणी पुसायची नाही," तो म्हणाला. "ते वाक्य तिने मला विचारलंय. हळदीला आईचं गाणं लागणार नाही. डीजेवाल्याला सांगून टाका, त्याला काय वाजवायचं ते वाजवू दे."