आखूड काठी घेतो म्हणा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दुकानात उभं राहून भांडण. कॅम्पात मासे धरायच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथं. मला गळाची दोन हातांनी धरायची काठी घ्यायची होती, आणि कोणती घ्यायची यावर आमचं काही जमेना.

दोन हातांची कशाला, ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. जन्म कारखान्यात प्रेस मशीनवर गेला आणि उजवा खांदा तिथंच ठेवून आलो. पुढं कारखाना बंद पडला, तिथं काचेच्या इमारती उठल्या, आणि माझा मुलगा तसल्याच एका इमारतीत कॉम्प्युटरपुढं बसायला लागला. आम्ही नवराबायको मोकळे झालो. धायरीहून निघायचं, वाघोलीच्या पुढं भीमेवर जायचं. मी गळ टाकायचा, तिनं डबा उघडायचा आणि मला नावं ठेवायची. खांदा अगदीच उचलेना तेव्हा मुलानं मोबाईलवर दाखवलं, परदेशात नदीवर लांब काठी दोन्ही हातांनी धरतात. गांडुळाऐवजी पिसांची खोटी माशी. वरचा हात नुसता आधाराला, खालचा पोटाकडं ओढायचा. काठी मागं झोकून द्यावी लागत नाही, दोरी पाण्यावरून उचलून पुढं लोळवायची.

दुकानात तसल्या दोनच होत्या. एक लांब, माझ्या दुपटीहून जास्त. दुसरी हात-दीड हातानं आखूड आणि हलकी.

दुकानदार म्हणाला, “हात लावून बघा. पंख्याला लावू नका, पंखा विकायचा नाही.”

मी दोन्ही फिरवून बघितल्या. लांब काठी सावकाश फिरते, आपला वेळ घेते. आखुडीला झटका द्यावा लागतो, आणि झटका दिला की माझ्या खांद्यात कळ येते. मी म्हणालो, लांब.

ती म्हणाली, “अहो, उंची केवढी तुमची, काठी केवढी! वाऱ्यानं काठीसकट जाल पाण्यात. आखूड घ्या.”

“खांदा माझा आहे.”

“खांदा तुमचा, पण रोज चोळतंय कोण?”

दुकानदार म्हणाला, “तुमचं ठरलं की या. आम्ही एकला बंद करतो.”

घरी येऊन तिनं बहिणीला फोन लावला आणि अर्धा तास माझ्या अकलेचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी पालथी घालता घालता खाली बसली. मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. मुलानं हात जोडले, “आई, बाबांना मी सांभाळीन.” कावळा आला नाही. सुनेनं जोडले, तरी नाही. ऊन चढलं, मागं दुसऱ्यांचे पिंड रांगेत.

मग मेहुणी पुढं आली. “दाजी, तिचा जीव कशात अडकलाय, सगळ्यांना ठावं हाय. आखूड काठी घेतो म्हणा.”

“मी लांब घेणार आहे.”

“अहो, मेल्या माणसाशी कसला हट्ट?”

मुलगा माझ्या कानाशी आला. “बाबा, नुसतं म्हणा. नंतर कोण बघतंय?”

नुसतं म्हणा! जिवंत होती तोवर तिला खोटं बोलून गप्प बसवलं नाही. भांडलो ते तोंडावर. आणि आता भाताच्या गोळ्यापुढं उभं राहून फसवू? ती गेली म्हणून तिचं म्हणणं बरोबर होत नाही आणि माझा खांदाही बरा होत नाही. हो गं बाई, तू म्हणशील तसं, असं मी तिला एकदा जरी म्हटलं असतं तरी तिनंच विचारलं असतं, बरं वाटत नाही का तुम्हाला?

मी पुढं झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. “ऐक गं. आखुडीनं खांदा दुखतो, ते तुला दुकानातच सांगितलं. मी लांब घेणार. पटत नसेल तर नको शिवू देऊ.”

कुणी तरी मागं हसलं. कावळे जागचे हलले नाहीत.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मेहुणी पदर तोंडाला लावून रडत होती, “उपाशी गेली माझी बहीण, नवऱ्याच्या हट्टापायी.” हे मला लागलं. लागलंच. घरी येऊन जेवलो नाही. ती कशानं तृप्त व्हायची हे मला ठाऊक आहे की कावळ्याला, एवढाच विचार करत बसलो. रोज संध्याकाळी भांडणारी बाई. तिला हार घालून भिंतीवर लावली आणि तिचा शब्द झेलायला लागलो, तर मग माझ्याशी भांडायचं कुणी?

सकाळी घरात अकराव्याची मांडामांड चालली होती. मी चपला घातल्या.

मुलगा म्हणाला, “बाबा, आज? तेरावा तरी होऊ द्या. लोक काय म्हणतील?”

“काल म्हणून झालंय त्यांचं. तुझं तू कर, मी संध्याकाळपर्यंत येतो.”

दुकान नुकतंच उघडत होतं. मला एकट्याला बघून दुकानदारानं दाराकडं नजर टाकली.

“वारली,” मी म्हणालो. “लांब काढा.”

तो म्हणाला, “त्यांचं म्हणणं आखूड होतं.”

“तिचं अजून तेच आहे. माझंही तेच आहे.”

त्यानं काठीचे तुकडे सुटे करून पिशवीत भरले, दोरी आणि पिसांच्या चार माश्या वेगळ्या बांधून दिल्या. मी पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि वाघोलीची बस धरली.